.22 पिस्तुलावर रेड डॉट कुठे बसवावा: स्लाइडवर, फ्रेमवर की बॅरलवर?

बर्डीकर

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबाच्या अंतर्गत 25 मीटर सामन्यात यंदा ऑप्टिक्सचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या रेड डॉट साइटचा, वेगळा गट ठेवला आहे. .22 लाँग रायफल, एका हाताने, अर्ध्या गोळ्या अचूकतेच्या आणि अर्ध्या वेगाच्या. परवान्यावर दोन पिस्तुलं आहेत. एक रूगर मार्क फोर टार्गेट, जाड बॅरलचं (नळीचं). दुसरं 1911 च्या घडणीचं .22. त्याची मागची साइट काढली की तिथे रेड डॉटची प्लेट बसते.

साइटचेही दोन पर्याय आहेत. छोटी, उघड्या दिव्याची रेड डॉट साइट, साधारण 35 ग्रॅमची, किंवा ट्यूबची, जी माउंटसकट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जाते. कोणत्या पिस्तुलावर, नेमकी कुठे आणि किती उंचीवर बसवावी? वय पन्नाशीपुढे आहे, पुढची साइट आता धूसर दिसते, म्हणून हा खटाटोप.

वर्धा_रोड

काका, आधी नियमाचं बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साइट, म्हणजे मूळची पुढची-मागची धातूची साइट, चालते, रेड डॉट नाही, 10 मीटर असो की 25. राज्य स्पर्धा आणि नॅशनल त्याच नियमांवर होतात. म्हणजे हेच पिस्तूल पुढे तिथेही न्यायचं असेल तर मूळ साइट जागेवर राहील असंच माउंट घ्या. रूगरची रेल मागच्या साइटच्या पुढे बसते, साइटला हात लावावा लागत नाही. 1911 वर मात्र मागची साइट काढूनच प्लेट लागते, आणि परत बसवल्यावर झिरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवणं) पुन्हा तपासावा लागतो.

पुंगळी

रूगरवर बसवा. कारण सांगतो, कारण ही चर्चा नेहमी "किती खाली बसते" यावर अडकते आणि खरा मुद्दा राहून जातो.

बघायचं एवढंच की गोळी सुटताना बॅरल कोणत्या भागाला घट्ट धरलेलं आहे. साइट त्याच भागावर हवी. मोठ्या बोअरच्या पिस्तुलात बॅरल स्लाइडमध्ये (वरच्या, मागेपुढे धावणाऱ्या भागात) लॉक होतं. फ्रेमवर (खालच्या, मुठीच्या सांगाड्यावर) स्लाइड थोडी हलली तरी बॅरल आणि साइट दोन्ही सोबत हलतात, म्हणून तिथे स्लाइडवरची साइट बरोबर चालते. .22 ब्लोबॅक असतं. 1911 च्या घडणीच्या बहुतेक .22 मध्ये बॅरल फ्रेमला पक्कं असतं आणि स्लाइड त्याच्याभोवती सुटी पुढेमागे धावते. अशा स्लाइडवर साइट बसवली की नेम एका भागावर आणि नळी दुसऱ्या भागावर.

हिशोब करून बघा. साइट बसते त्या टोकाला स्लाइड आडवी 0.05 मिलिमीटर हलते आणि स्लाइड फ्रेमवर टेकते ती लांबी 120 मिलिमीटर आहे असं धरू. 0.05 भागिले 120, गुणिले 25,000 मिलिमीटर: लक्ष्यावर 10 मिलिमीटरचा फरक. हा फक्त ढिलाईचा भाग, तुमचा हात आणि काडतूस वेगळे. 25 मीटर प्रिसिजन लक्ष्याचं दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं आहे. त्यातले 10 फुकट कशाला द्यायचे?

रूगर मार्कमध्ये रिसीव्हर (बॅरलमागचं कवच) आणि बॅरल एकमेकांना पक्के, आणि बोल्ट रिसीव्हरच्या आत धावतो. वरची रेल जागची हलतच नाही. .22 साठी याहून चांगली बैठक नाही.

तेलंगखेडी

पुंगळी सर, मुद्दा पटतो. पण अमेरिकेत यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स गटात सगळे स्लाइडवरच लावतात आणि ती मंडळी जोरदार खेळतात. शिवाय स्लाइडवर साइट नळीच्या फार जवळ येते. रूगरच्या रेलवर ट्यूब लावली तर नळीच्या मध्यापासून 40 मिलिमीटर वर जाईल. हात जरा तिरका झाला की गोळी बाजूला जाणार ना?

पुंगळी

कॅरी ऑप्टिक्समध्ये स्लाइडवर लावतात कारण त्या गटाचा नियमच तसा आहे, फ्रेमवर चालत नाही. आणि ती पिस्तुलं मोठ्या बोअरची, बॅरल स्लाइडमध्ये लॉक होणारी. जिथे मोकळीक आहे त्या ओपन गटात फ्रेमवरचं माउंट वर्षानुवर्षं वापरात आहे, कित्येकदा साइट 90 अंशात आडवी करून, म्हणजे उंची कमी होते आणि झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला बाहेर पडायला वाट मिळते.

.22 मध्ये स्लाइडवर वजन चढवण्याची दुसरी अडचण स्लाइड मागे-पुढे जाण्याच्या चक्राची आहे. काडतूस ठरावीकच धक्का देतं. समजा स्लाइड 250 ग्रॅमची आहे आणि वर 35 ग्रॅमची साइट चढली. स्लाइडला मिळणारी ऊर्जा साधारण 12 टक्क्यांनी घटते. सव्वाशे ग्रॅमची ट्यूब चढवली तर एक तृतीयांश गेली. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसावर मग स्लाइड पूर्ण मागे येत नाही, पुंगळी पोर्टमध्ये (ती बाहेर पडते त्या झरोक्यात) उभी अडकते किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही. हाय व्हेलॉसिटी काडतूस घालून हे लपवता येतं, पण त्या काडतुसाचा ग्रुप (लक्ष्यावर गोळ्यांचा पसारा) सहसा मोठा येतो. हलकी रिकॉइल स्प्रिंग घातली तर स्लाइड परत बंद होताना कमजोर पडते, आणि नळी मळली की पूर्ण बसत नाही.

तिरक्या हाताबद्दल अंबाझरी ताईंनी लिहावं, त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे.

अंबाझरी_25मी

तिरकेपणाचा गैरसमज खूप पसरला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पिस्तूल नेमरेषेभोवती तिरकं झालं की नळी थोडी बाजूला सरकते आणि नळीचा वर बघणारा कोन उलट बाजूला झुकतो. झिरो केलेल्या अंतरावर साइटच्या उंचीमुळे पडणारे हे दोन्ही फरक एकमेकांना तंतोतंत काटतात. उरतो तो फक्त गोळीच्या पडण्याचा भाग. .22 ची गोळी पिस्तुलातून साधारण 300 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते असं धरलं तर 25 मीटरवर ती सुमारे 35 मिलिमीटर खाली येते. 5 अंश तिरका हात म्हणजे 35 गुणिले 0.087, साधारण 3 मिलिमीटर. साइट 20 मिलिमीटरवर असो की 45 वर, 25 मीटरवर हे 3 मिलिमीटर बदलत नाहीत.

उंचीचा खरा परिणाम दिसतो तो अंतर बदललं की. 25 मीटरला झिरो करून 10 मीटरवर मारलं तर 22 मिलिमीटर उंचीची साइट साधारण 5 मिलिमीटर खाली मारते आणि 40 ची साधारण 15 ते 16 मिलिमीटर खाली. स्टीलच्या पाट्यांचा, बदलत्या अंतरांचा खेळ असेल तर याला अर्थ आहे. एकाच अंतरावर खेळणाऱ्याला काहीच नाही.

उंच साइटचा एक तोटा मात्र खरा आहे, आणि तो मनगटाचा. उघड्या साइटवर पाठ झालेली मनगटाची ठेवण असते. साइट वर गेली की डोळा रेषेत आणायला हात थोडा खाली न्यावा लागतो, नाहीतर मान ताठ करावी लागते. मान हलवू नका. हाताची उंची बदला, आणि डोळे मिटून हात उचलून उघडल्यावर ठिपका खिडकीत सापडतो का ते बघा. सतत खिडकीच्या वरच्या कडेला सापडत असेल तर नळीचं तोंड वर राहतंय. ग्रिपचा कोन किंवा पाम शेल्फ (तळव्याखालचा टेकू) बघावा लागेल.

बर्डीकर

ताई, मनापासून आभार. मग रूगर नक्की. आता रेलवर पुढे की मागे?

पुंगळी

मागे जागा कमी आहे. रूगरचा बोल्ट मागच्या दोन कानांना धरून ओढतात. साइट किंवा माउंट त्या कानांवर आलं तर बोटं अडकतात, आणि अडलेलं काडतूस काढताना ते फारच नडतं. माउंटचं मागचं टोक कानांच्या पुढे, दोन बोटं नीट घालता येतील इतकं ठेवा.

उजवीकडे इजेक्शन पोर्ट आहे. ट्यूब साइटच्या बाजूच्या समायोजनाची टोपी बहुधा उजवीकडेच असते. पोर्टच्या नेमकं वर ती खाली लोंबत असेल तर पुंगळी तिच्यावर आपटून परत पोर्टात येते. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरून झाडा आणि टोपीखाली पितळेचे ओरखडे उमटतात का बघा. उमटले तर एक खाच पुढे सरकवा. पोर्टच्या थोडं पुढे गेलात की काजळीही काचेवर कमी येते.

अजून पुढे, बॅरलच्या मध्यावर, नेऊ नका असं नाही. ट्यूब पुढे गेली की तोंडाकडे वजन वाढतं आणि हाताची थरथर मंदावते. अचूकतेच्या फेरीत हे छान वाटतं, वेगाच्या फेरीत तेवढाच हात उचलताना जड जातो. साइट दूर गेली की खिडकीही लहान दिसते, ठिपका शोधायला वेळ लागतो. माझं मत: छोटी साइट असेल तर पोर्टच्या लगेच पुढे, ट्यूब असेल तर पोर्टवर तिचा मध्य येईल अशी, फक्त टोपी वाचवून.

संत्रानगरी

बॅरलवरच्या माउंटबद्दलही थोडं लिहा की राजेहो. क्लबात स्मिथ अँड वेसन 41 आणि ब्राउनिंग बक मार्क दोन्ही आहेत.

वर्धा_रोड

41 मध्ये मागची साइट मुळातच बॅरलच्या मागे वाढवलेल्या भागावर असते, स्लाइडवर नाही. त्यामुळे रेल बॅरललाच लागते आणि ती जागा उत्तम आहे. बॅरल काढून साफ करून परत बसवलं तरी साइट त्याच्यासोबतच राहते.

बक मार्कमध्ये वरची रेल बॅरल आणि मागची फ्रेम यांच्यावर पूल टाकल्यासारखी बसते आणि खालून स्लाइड धावते. रेलचा मागचा स्क्रू ढिला झाला की ग्रुप वर-खाली लांबट होतो. कारण न कळता ग्रुप उभा पसरला तर साइटला हात लावण्याआधी तो स्क्रू बघा.

ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात पातळ पोलादी बॅरल बसवलेली हलकी पिस्तुलं येतात. त्यांच्यावर गोल क्लॅम्पचं माउंट आवळू नका. क्लॅम्प नळकांडं दाबतो, आणि बॅरल तापलं की ग्रुप सरकतो.

लेथ_हिंगणा

बसवण्याची पद्धत लिहितो, कारण निम्म्या तक्रारी स्क्रूच्या असतात.

1. रेलची खाच मोजा; पिकॅटिनी आणि वीव्हर या रेलच्या दोन जाती. पिकॅटिनीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद, वीव्हरची 4.57. वीव्हरचा आडवा बोल्ट पिकॅटिनीत बसतो, पण सैल. पिकॅटिनीचा वीव्हरमध्ये जातच नाही. घासून बसवायचा प्रयत्न करू नका.
2. स्क्रू, भोकं आणि बैठक आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. कापूस नको, तंतू राहतात. ॲसिटोन काचेजवळ नेऊ नका, लेप जातो.
3. प्रत्येक स्क्रू आधी कोरडाच, साइटशिवाय, हाताने पूर्ण घालून बघा. किती आटे धरतात ते मोजा. लांब स्क्रू खाली बोल्टला किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेला टेकतो आणि बाहेरून सगळं घट्ट दिसतं. रेल बसवल्यावर बोल्ट हाताने चालवा. जरा जरी घासल्यासारखं वाटलं तर स्क्रू काढा.
4. निळं लॉकटाइट, आट्यांवर एकच थेंब. लाल नको. प्लास्टिकवर अजिबात जाऊ देऊ नका, तडे जातात.
5. छोट्या साइटच्या स्क्रूंना 12 ते 15 इंच-पाउंड, म्हणजे साधारण 1.4 ते 1.7 न्यूटन-मीटर. साइटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे. लांब दांड्याची ॲलन की या कामाची नाही, तिच्यावर ताकद कळत नाही.
6. माउंट खाचेत पुढे ढकलून धरा, मग आवळा.
7. 24 तास तसंच राहू द्या. मग स्क्रूच्या डोक्यावरून बैठकीवर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला.

आणि एक कळकळीची विनंती. भोक पाडायचं असेल तर पिस्तूल घेऊन आमच्या एमआयडीसीत कुणाच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जाऊ नका. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीला किंवा बदलाला परवाना लागतो. कारागीर कितीही हुशार असो, हे काम परवानाधारक गनस्मिथचंच. रूगरच्या रिसीव्हरला फॅक्टरीतूनच भोकं आहेत, म्हणून तो प्रश्न तुमच्यापुढे येत नाही.

तेलंगखेडी

रेड डॉट उघड्या दिव्याचा घ्यावा की बंद, म्हणजे ट्यूबचा? आणि ठिपका किती एमओएचा?

अंबाझरी_25मी

1 एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे 25 मीटरवर 7.3 मिलिमीटर. 3 एमओएचा ठिपका 22 मिलिमीटर झाकतो, 6 चा 44. दहाचं वर्तुळ 50 चं, म्हणजे 6 एमओए जवळजवळ पूर्ण दहा झाकतो. अचूकतेसाठी 3 किंवा 4 घ्या. वेगाच्या फेरीत मोठा ठिपका लवकर सापडतो हे खरं, पण एकाच साइटवर दोन्ही खेळायचं तर लहान ठिपका घेऊन प्रकाश थोडा वाढवलेला बरा.

रोजच्या सरावात प्रकाश कमी ठेवा. ठिपका जितका झगझगीत तितकी हाताची थरथर मोठी दिसते आणि बोट "आत्ता!" म्हणून ट्रिगर हिसकतं. थरथर उघड्या साइटवरही तेवढीच असते, फक्त दिसत नाही. ठिपका दहात फिरत असताना ट्रिगर चालू ठेवायचा, थांबवायचा नाही. काकांसाठी विशेष: नजर लक्ष्यावर ठेवा, ठिपक्यावर नाही. डोळ्याचा धूसरपणा सुटतो तो याच कारणाने.

ठिपका चांदणीसारखा किंवा शेपटी असलेला दिसत असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. फोटोत गोल आला तर साइट ठीक आहे आणि डोळ्यात सिलिंडरचा नंबर आहे. चष्मा घालून पुन्हा बघा.

वर्धा_रोड

नागपूरच्या हवेत बंद साइट घ्या, डोळे झाकून. उघड्या दिव्याच्या साइटमध्ये ठिपका टाकणारा दिवा मोकळा असतो. धूळ, तंतू, पावसाचा एक थेंब त्याच्यावर बसला की ठिपका फुटतो किंवा गायब होतो. वर काजळी आहेच.

उन्हाळ्यात दोन गोष्टी बघा. नवतप्यात पारा 45 च्या घरात असतो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. साइट गाडीत ठेवू नका, सीआर 2032 सेलला ती उष्णता मानवत नाही. दुसरं, फायरिंग पॉइंट सावलीत आणि लक्ष्य भर उन्हात असेल तर पांढऱ्या कागदावर ठिपका पुसट होतो. आपोआप प्रकाश ठरवणारी साइट सावलीचा प्रकाश मोजते आणि ठिपका मंद करते. म्हणून हाताने पायऱ्या बदलता येतील अशीच घ्या.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून थेट रेंजवर आलात की काच धुकाळते. पेटी उघडून दहा मिनिटं तशीच ठेवा, पुसत बसू नका.

संत्रानगरी

मुलं विचारतात, 10 मीटरच्या एअर पिस्तुलावर सरावापुरता लावावा का?

अंबाझरी_25मी

ट्रिगर शिकवायला थोडे दिवस चालेल. 4 एमओएचा ठिपका 10 मीटरवर 11.6 मिलिमीटरचा होतो आणि दहाचं वर्तुळ 11.5 चं, म्हणजे मुलाला हात नेमका कुठे फिरतो ते स्वच्छ दिसतं. पण स्पर्धेत उघडीच साइट आहे, तेव्हा पुढच्या-मागच्या साइटची सवय मोडू देऊ नका. हवेच्या सिलिंडरला कुठलाही क्लॅम्प लावायचा नाही, कधीच नाही. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा झटका मागे आणि पुढे दोन्हीकडे बसतो, नाजूक साइट त्यात टिकत नाही.

पुंगळी

बर्डीकर काका, बसवल्यावर गोळी झाडण्याआधी ही चाचणी करा. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबर बोटाने तपासलेलं. वाळूच्या पिशवीत घट्ट रोवा, ठिपका 25 मीटरवरच्या काळ्याच्या मध्यावर आणा. आता बोल्ट दहा वेळा हाताने मागे ओढून सोडा, प्रत्येक वेळी पिस्तूल हललं नाही ना ते बघा. ठिपका तिथेच परत दिसला पाहिजे. मग माउंटला बोटाने डावीउजवीकडे हलका दाब द्या. दाब सोडल्यावर ठिपका परत आला नाही तर स्क्रू किंवा खाच ढिली. शेवटी पिस्तूल न हलवता डोकं वर-खाली करा. ठिपका खिडकीच्या कडेला गेल्यावर काळ्यावरून किती सरकतो ते लक्षात ठेवा. पॅरलॅक्स (डोकं हललं की ठिपका लक्ष्यावरून सरकणं) नाही असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी जवळच्या अंतरावर थोडा असतोच, म्हणून ठिपका खिडकीच्या मध्यात ठेवायची सवय लावा.

मग झिरो. आधी 10 मीटरवर पाच गोळ्या. माउंट 40 मिलिमीटरचं असेल तर ग्रुपचा मध्य 15 मिलिमीटर खाली आणा, ठिपक्यावर नाही. मग 25 वर जा. एका क्लिकला 1 एमओए असेल तर क्लिक म्हणजे 7 मिलिमीटर. ग्रुपचा मध्य 42 खाली असेल तर सहा क्लिक वर. एका गोळीवर क्लिक फिरवू नका, पाचांचा मध्य काढा. काडतूस बदललं की हे सगळं पुन्हा.

बर्डीकर

सगळं वहीत उतरवून घेतलं. बंद ट्यूबची साइट, 3 एमओए, रूगरची रेल, पोर्टवर ट्यूबचा मध्य, टोपी वाचवून. गनस्मिथकडे रेल बसवून घेतो. एकच शंका: रेल आणि साइट यांच्यामध्ये उंची वाढवणारा राइजर सोबत आला आहे, तो घालू का?

पुंगळी

नको. राइजर म्हणजे आणखी एक जोड आणि आणखी दोन स्क्रू. मागच्या उघड्या साइटच्या वरून खिडकी पूर्ण दिसत असेल तर काढून ठेवा. खालची कड साइटमागे झाकली जात असेल तरच घाला, आणि तोही तोच निळा थेंब लावून.